गोडीनं उतरवणारे साहेब

आमच्या साहेबांच्या तोंडून 'काका' हा शब्द निघाला की समजायचं, कुणाचं तरी विमान गेलं.

एरवी साहेब इंग्रजी झाडायचे. आम्हा काउंटरवरच्या पोरींशी पुणेरी मराठी, तीही तोंडात पेढा धरून बोलल्यासारखी. आपण मूळचे पुण्याचे, असं ते नव्या माणसाला पहिल्या भेटीतच सांगून टाकत. होते काटोलकडचे. दर हिवाळ्यात गावाहून संत्र्यांच्या पेट्या यायच्या, त्या आम्ही आवडीनं खायचो, आणि त्या घेऊन येणाऱ्या त्यांच्या चुलतभावाला पार्किंगमधूनच परत पाठवलं जायचं. पण ज्या दिवशी विमानात जागांपेक्षा माणसं जास्त झालेली असत, त्या दिवशी साहेबांना एकदम गावची बोली आठवायची. रांगेतल्या एखाद्याच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणायचे, "काका, काहून घाबरून राहिले गा? मी आहो ना. या, इकडं बसा." काका बसायचे, आणि उठायचे ते विमान उडून गेल्यावर.

नागपूरच्या विमानतळावर, कंपन्यांच्या भाषेत 'स्टेशन'वर, एका कंपनीच्या चेक-इन काउंटरवर मी काही वर्षं काढली. कंपनीचं नाव घेत नाही. घेऊनही काही फरक पडणार नाही, कारण तो उद्योग थोड्याफार फरकानं सगळ्याच करतात. विमानात जागा असतात त्याहून जास्त तिकिटं विकायची. कुणाचा बेत बदलतो, कुणी ट्रॅफिकमध्ये अडकतो, म्हणून विमान रिकामं जाऊ नये ही त्यामागची हुशारी. बहुतेक दिवशी ती खपून जाते. ज्या दिवशी सगळेच शहाण्यासारखे वेळेवर येतात, त्या दिवशी हातात तिकीट असलेल्या एखाद-दुसऱ्या माणसाला सांगावं लागतं की बाबा, तुझं काही आज जाणं होत नाही. यालाही नियम आहे. आधी सगळ्यांना विचारायचं, कुणी आपखुशीनं मागे राहायला तयार आहे का. कुणीच नसेल तर मग अडवायचं, आणि ज्याला अडवलं त्याला भरपाई द्यायची, दुसऱ्या विमानात बसवून द्यायचं. हा नियम आमच्या काउंटरमागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेला होता. साहेबांनी त्याच्यापुढे एक उंच झाड कुंडीसकट आणून ठेवलं होतं.

नव्या मुलामुलींना ते स्वतः शिकवायचे. "लग्नाच्या पत्रिका आपण पाचशे वाटतो, स्वयंपाक चारशेंचा करतो. करतो की नाही?" एखादी भोळी पोरगी विचारायची, सर, पाचशेच्या पाचशे आले तर? साहेबांना हाच प्रश्न हवा असायचा. "मग वाढपी हुशार लागतो," ते म्हणायचे, आणि टाय सारखा करायचे. वाढपी म्हणजे अर्थात ते स्वतः.

या हुशारीचा त्यांना एवढा अभिमान होता की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस विमान चालवतो की काय. काउंटर उघडायच्या आधी ते रांगेवरून एक फेरी मारत. दाखवायला रांगेच्या पट्ट्याचे खांब सरळ करत असत, पण बघत असत पाय. "बूट बघू नका," ते आम्हाला सांगायचे, "बूट कोणीही घेतो. उभा कसा आहे ते बघा." पाय जुळवून उभा राहणारा, वरचा बोर्ड पुन्हा पुन्हा वाचणारा, तिकिटाचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलेला, अशा माणसाला ते 'लोणी' म्हणत. उलटपक्षी मोबाइल आडवा धरणारा, फोनवर 'भाऊ'शी बोलणारा, लहान मूल कडेवर असलेली बाई, हे सगळे 'काटे'. काट्यांना हात लावायचा नाही. बाईला का नाही, तर तिची दया येते म्हणून नव्हे. मूल रडतं आणि लोक शूटिंग करतात म्हणून.

आणि सगळ्यांत उत्तम लोणी कोणतं, तर जो आपणहून नमस्कार करतो तो. "नमस्कार करणाऱ्याला आपली गरज असते," साहेब म्हणायचे, "आणि गरजू माणूस भांडत नाही." मला संताप यायचा तो याचाच, की यात ते कधी चुकायचे नाहीत. दोन्ही हात जोडून "नमस्कार साहेब" म्हणणारा माणूस खरंच भांडायचा नाही. मला घरी आईनं शिकवलं होतं, मोठ्या माणसाला आधी नमस्कार करावा. मी त्या विमानतळावर उभी राहून रोज बघत होते की आईचं ऐकणाऱ्यांचं काय होतं.

त्यांचे सॉरीचे चेहरे हा एक वेगळाच प्रकार होता. पँट्रीतल्या फ्रिजच्या दाराला त्यांनी हातभर आरसा लावून घेतला होता. तिथं ते चेहऱ्याची तालीम करत. पहिला चेहरा हवामानाचा: भुवया वर, नजर छताकडे, म्हणजे देवाची मर्जी. दुसरा इंजिनाच्या बिघाडाचा: ओठ घट्ट, म्हणजे तुमच्याच जिवासाठी चाललंय हे सगळं. तिसरा जागा नसण्याचा, आणि त्यावर त्यांनी खास मेहनत घेतली होती. मान किंचित तिरपी, डोळे ओलसर, उजवा हात छातीवर. हा चेहरा झाल्यावर समोरच्या माणसाचं रागवायचं तर राहूच द्या, तो, साहेबांनाच पाणी आणून द्यायला धावायचा. ते आम्हालाही तो करायला लावत. मला काही जमला नाही. "तुझ्या डोळ्यांत फार प्रश्न आहेत," असं ते मला म्हणाले होते, आणि म्हणून मला बरेच दिवस बॅगांच्या बाजूला उभं केलं होतं.

खरं तर विचारलं असतं तर काम भागत होतं. हे मी ऐकीव सांगत नाही. साहेब एकदा सासऱ्याच्या तेराव्याला गेले होते आणि नेमकं त्याच दिवशी बंगळूरचं विमान जास्त भरलं. माझ्याबरोबर एक सीनियर मुलगी होती, तिनं सरळ माइक घेतला आणि सांगितलं की एक जागा कमी पडते आहे, कुणी संध्याकाळच्या विमानानं गेलं तर कंपनी भरपाई देईल, जेवण देईल. आणि इकडून तिकडून हात वर झाले. विमानतळाजवळच्या मिहानमधल्या कंपनीत काम करणारा एक पोरगा तर रांग सोडून पळतच आला. म्हणाला, घरी फोन करतो, आईच्या हातचं आणखी एक जेवण होईल. बाकीच्यांना आम्हाला नको नको म्हणावं लागलं. त्याला हसत हसत घरी पाठवलं, विमान वेळेवर गेलं, आणि कुणाचं काहीही बिघडलं नाही.

साहेब परत आले तेव्हा त्यांना हे कळलं. मी त्यांना एवढं चिडलेलं कधीच पाहिलं नव्हतं. चिडले की मात्र पुणं गळून पडायचं. "माझ्या स्टेशनवर भीक मांगता तुमी? माइकवर?" ते म्हणाले. "आज हात वर झाले, उद्या नाही झाले तं कोणाचं तोंड काळं होईन?" त्या सीनियर मुलीची बदली झाली. मला वाटतं, त्यांना राग भीक मागितल्याचा नव्हता. इतकी वर्षं आरशासमोर घासलेली कला, ती एका मुलीच्या दोन वाक्यांनी फुकट ठरली, हे त्यांना सोसवलं नाही.

एकदाच त्यांचा नेम चुकलेला मी पाहिला. खादीचा सदरा, पायांत साध्या चपला, हातात कापडी झोळी, आणि वर हात जोडून नमस्कार. साहेबांना लोण्याचा डोंगर दिसला. "काका, या ना गा," सुरू झालं. ते गृहस्थ शांतपणे खुर्चीवर बसले, चहा घेतला, कप खाली ठेवला आणि तितक्याच शांतपणे म्हणाले, "मला अडवण्याआधी तुम्ही बाकीच्यांना विचारलंत का? तो नियम कुठं लावलाय तेवढं दाखवा." कायद्याच्या कॉलेजात शिकवत होते ते. साहेबांनी पहिला चेहरा केला, दुसरा केला, तिसरा केला. गृहस्थ प्रत्येक चेहऱ्याला हात जोडून म्हणायचे, "हो, पण नियम दाखवा." शेवटी आमच्यातल्या एकीला ती कुंडी बाजूला सरकवावी लागली. गृहस्थ त्याच विमानानं गेले, साहेब पोटात दुखतंय म्हणून घरी गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून खादी काट्यांत जमा झाली. नियम पाळायचा, असा काही त्यांनी यातून बोध घेतला असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं साहेबांना पाहिलेलं नाही.

कुणी म्हणेल, नोकरीत माणूस करतो, घरी चांगला असेल. आम्हालाही तशी आशा होती, म्हणून त्यांच्या बेसा भागातल्या नव्या घराच्या वास्तुशांतीला आम्ही सगळ्या गेलो. तिथं पाहिलं तर तेच. निम्मी नागपूर नगरी बोलावलेली आणि मांडव बोटभर. ऑफिसचे मोठे लोक, बिल्डर, नगरसेवकाचा माणूस, हे पहिल्या पंगतीला. साहेब रांगेवरून फिरत होते, अगदी काउंटरसमोर फिरायचे तसे, पाय बघत. गावाहून त्यांचे म्हातारे काका आले होते, सख्खे, धोतर नेसून, हातात नातवंडांसाठी बोरांची पिशवी. ते पानावर बसलेच होते. साहेब वाकले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काका, तुमी घरचेच गा. मांगून बसू ना सोबत." म्हातारा लगेच उठला. वर "हो बापू, पाहुणे पहिले" असं म्हणाला. आम्ही जेवून निघालो तेव्हा तो भिंतीला टेकून बसलेला होता, आणि आतून वाढप्याचा आवाज आला की वरण-भातच उरला आहे. त्या दिवशी मी साहेबांना नोकरीच्या नावावर सूट देणं बंद केलं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते.

लग्नसराईचे दिवस होते. पुण्याचं सकाळचं विमान. काउंटर उघडायच्या आधीच एक माणूस रांगेत पहिला उभा होता. पांढरा सदरा नवा, घडीच्या रेषा तशाच. छातीशी एक कापडी पिशवी धरलेली. साहेब खांब सरळ करत त्याच्यापर्यंत पोचायच्या आतच त्यानं पिशवी काखेत धरली आणि हात जोडले. "नमस्कार साहेब."

मी बाजूच्या काउंटरवर होते. मला पुढचं ऐकायची गरजच नव्हती, तरी ऐकू आलं. "काका, एकटेच काहून? पहिल्यांदाच का विमानानं?"

"हो जी. भाचीनं तिकीट धाडलं."

"मंग टेन्शन काहून घेता गा? रांगेत कायले उभे राहता? या, इकडं बसा. तुमची सीट मी सोता पाहतो."

विमान त्या दिवशी एका माणसानं जास्त होतं. एकच माणूस. साहेबांनी तो काउंटर उघडायच्या आतच निवडून ठेवला आणि निवांत झाले.

माझी गर्दी थोडी कमी झाली तेव्हा मी त्या खुर्चीपाशी गेले. 'काका' म्हणायची मला त्या ऑफिसात लाज वाटायची, म्हणून दादा म्हटलं. विचारलं, कुठून आलात, कशासाठी चाललात. ते खापरखेड्याचे, वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर ठेकेदाराकडे कामाला. रात्रपाळी करून, घरी आंघोळ करून सरळ इथं आलेले. आदल्या दिवशी निघायचं तर रजा मिळाली नव्हती.

"भाचीचं लग्न हाये आज पुण्याले," ते म्हणाले. "दुपारचा मुहूर्त हाये. पोरीले बाप नाही वं बाई. माह्याच घरी लहानाची मोठी झाली थे. कन्यादान तिचा काका करन, पण मांगं तं मामाच पाह्यजे ना. म्हणे, मामा, तू आल्याबिगर मी बोहल्यावर चढत नाही." आणि पिशवीचं तोंड उघडून त्यांनी आतली पिवळी साडी दाखवली. मामाकडची साडी. मुलगी लग्नात नेसते ती. "हे तिले जाऊन द्याची हाये, मंग थे नेसन."

मी विचारलं, साहेबांनी काय सांगितलं?

"बसा म्हणले. चहा देला. लय चांगले हायेत साहेब, सोता आले माह्यापाशी," मामा म्हणाले. "एसटीतबी कंडक्टर म्हणते ना, थांबा जरा. थांबाव आपुन. तिकीट तं हाये."

मी माझ्या स्क्रीनवर जाऊन पाहिलं. मामांचं नाव सकाळच्या विमानातून काढून संध्याकाळच्या विमानावर टाकलेलं होतं. संध्याकाळी पोचून ते काय करणार होते? मांडव उतरवायला मदत करणार होते?

साहेब पँट्रीत होते. मी त्यांना सांगितलं, सर, त्यांच्या भाचीचं लग्न आहे दुपारी. ते मामा आहेत.

"मयत आहे का?" साहेबांनी विचारलं.

"नाही. लग्न."

"मग? मामावाचून लग्न अडतं का कुठं? आपल्याकडं पाच-पंचवीस मामा असतात लग्नात. एखादा उभा राहील."

"सर, एकच जागा हवी आहे. आपण विचारू या ना सगळ्यांना. कुणीतरी देईल."

"इथं भीक मागायची नाही, हे एकदा बोललोय मी."

मी बाहेर आले आणि माइक उचलला. मी अजून तोंड उघडलं नव्हतं, तोवर साहेब मागून आले, खाली वाकले, माइकची वायर काढली आणि हातावर गुंडाळायला लागले. ओरडले नाहीत. अगदी घरातली वस्तू आवरून ठेवावी तसे. त्याच वेळी काउंटरवर एक गृहस्थ येऊन आदळले, उशिरा आलेले, पांढरे बूट, तोंडात "तुम्हाला माहीत आहे का मी कोण आहे." ते कोण आहेत हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. उद्याचं तिकीट आजचं करून घेतलेलं होतं, कारण नागपूरच्या हॉटेलातल्या गादीवर त्यांना झोप लागत नव्हती. हे त्यांनी अख्ख्या हॉलला सांगितलं. मोबाइल आडवा धरलेला होता. साहेबांनी त्यांना "वेलकम सर" म्हणत स्वतः बोर्डिंग पास काढून दिला. गादी टोचणाऱ्या माणसासाठी मामांची जागा गेली.

मी वर गेटवर फोन केला. गेटवरच्या मुलीनं सांगितलं, ड्यूटी मॅनेजरनं, म्हणजे साहेबांनीच, फ्लाइट क्लोज केली आहे, त्यांनी म्हटल्याशिवाय कुणाला घेता येत नाही. दुसऱ्या कंपनीचं पुण्याचं विमान आमच्याही आधी उडालं होतं. रस्त्यानं निघालं असतं तर पोचायला रात्र झाली असती. मी हे सगळं करत असताना मामा खुर्चीवर पाय जुळवून बसले होते आणि कुणी पाहिलं की हसत होते.

विमान गेल्यावर साहेबांनी तिसरा चेहरा केला. मान तिरपी, डोळे ओलसर, हात छातीवर. "काका, काय सांगू गा. सीटच नाही निंगाली. संध्याकाळी तुमाले खिडकीपाशी बसवतो. जेवण आपल्याकडून." मामा उठून उभे राहिले. मग त्यांनी साहेबांचाच हात हातात घेतला. "जाऊ द्या साहेब," ते म्हणाले, "तुमी जिवाले लावून नका घेऊ."

साहेब माझ्याकडे पाहून डोळ्यांनीच म्हणाले, बघ, याला म्हणतात काम. मला त्या क्षणी त्यांच्या तोंडावर चहा फेकावासा वाटला. अजूनही वाटतो.

मामांनी माझ्या मोबाइलवरून बहिणीला फोन लावला. पलीकडून बाईचं रडणं मला दोन हात अंतरावर उभं राहून ऐकू येत होतं. मामा म्हणत होते, "माह्यीच चूक झाली वं. मलेच उशीर झाला. विमान कोणासाठी थांबते का? तू पोरीले रडू नको देऊ. तिले सांग, मामा हाये." सगळ्यांच्या आधी येऊन उभा राहिलेला माणूस, आणि उशिराचा दोष स्वतःवर घेत होता. साहेबांचं नावसुद्धा त्यानं काढलं नाही.

मग असं ठरलं की बहिणीचा मुलगा तिकडून व्हिडिओ कॉल करेल. मुहूर्ताच्या वेळी मी माझा मोबाइल खुर्चीच्या पाठीला टेकवून उभा केला. मामांनी पिशवीतून टोपी काढून घातली. चपला काढून बाजूला ठेवल्या. लोक ट्रॉल्या ढकलत जात होते, कुठल्याशा विमानाची शेवटची सूचना चालू होती, आणि त्या गार फरशीवर मामा अनवाणी, हातावर पिवळी साडी घेऊन उभे राहिले. खिशातून त्यांनी एक कागदाची पुडी काढली. घरच्या देवापुढच्या अक्षता होत्या. त्या मुठीत घेतल्या.

त्या प्रसंगाचा एक फोटो आहे. आमच्या ऑफिसात तो पुढे बरेच दिवस लावलेला होता, आणि मी नोकरी सोडली तेव्हाही तिथंच होता. साहेबांनी तो हेड ऑफिसला पाठवला, खाली इंग्रजीत लिहिलं की आमच्या स्टेशननं एका प्रवाशाचं कौटुंबिक मंगलकार्य विमानतळावर घडवून आणलं. त्याबद्दल त्यांना त्या महिन्याचं ग्राहकसेवेचं बक्षीस मिळालं. पुढं बढतीही मिळाली. ऐकते की आता ते गावोगाव जाऊन नव्या पोरांना शिकवतात. फोटोत साहेब मध्ये आहेत, हातात पेढ्यांचं तबक. एका बाजूला आमच्या दोन मुली, कंपनीच्या स्कार्फमध्ये. दुसऱ्या बाजूला मामा, टोपी घातलेले, हसणारे. फोटो पाहून कुणालाही वाटेल, किती माणुसकी.

मी फोटोत नाही, कारण मी मोबाइलसमोर होते.

मोबाइलवर अंतरपाट धरलेला दिसत होता. अलीकडे भाची, दुसरीच कुठली तरी साडी नेसलेली. तिच्या मागे मामाची जागा मोकळीच ठेवली होती, दोन बाजूंना बायका सरकून उभ्या होत्या. शेवटचं मंगलाष्टक चालू झालं. मामा ओठांतल्या ओठांत म्हणत होते, मूठ अर्धी उचललेली होती. तेवढ्यात मागून साहेबांचा आवाज आला. "काका, एक मिनिट गा. इकडं पाहा ना. हासा जरा."

मामांनी एकदा मोबाइलकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे. मोठ्या माणसानं बोलावलं होतं. ते वळले आणि हसले.

फोटो एका झटक्यात निघाला नाही. एकीचे डोळे मिटले, पुन्हा काढला. तबक खाली आलं, पुन्हा काढला. मोबाइलवर सावधान झालं, वाजंत्री सुरू झाली, अंतरपाट खाली आला. नवरा समोर हार घेऊन उभा होता, आणि भाचीनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. तिनं मागं वळून पाहिलं, त्या मोकळ्या जागेकडे, आणि मग ज्या फोनवरून मामा दिसत होता त्या फोनकडे. त्यात तिला मामाची पाठ दिसली असेल. कुणीतरी तिचं तोंड हलकेच पुढं वळवलं.

मामा परत फिरले तेव्हा पडद्यावर नुसत्या पाठी होत्या. नातेवाईक दाटीवाटीनं पुढं सरकले होते. मामा जरा वाकून, पाठींच्या मधून काही दिसतं का ते बघत राहिले. मग फोन तिकडच्या पोरानं खिशात घातला असावा, कारण पडदा काळा झाला आणि त्यातून नुसती सनई येऊ लागली.

"झालं का वं?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "झालं, मामा."

साहेब पेढा घेऊन पुढं आले होते. मामांनी तो डाव्या हातानं घेतला, कारण उजव्या मुठीत अक्षता होत्या. त्या टाकायच्या राहूनच गेल्या होत्या. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, फरशी नुकतीच पुसलेली होती. मग खुर्चीवर बसून त्यांनी पुडीचा कागद मांडीवर उलगडला, एकेक दाणा त्यात ठेवला, आणि पुडी बांधून परत खिशात घातली.